एक माप मोठी फ्रेम

विमल धकाते कुणाचं कौतुक करायची नाही. ती जळायची, आणि ज्याच्यावर जळायची त्याला तोंडावर सांगायची.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत आम्ही मुली डबे उघडून बसलो होतो. एक बुटकी, सावळी, गोल चेहऱ्याची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मला पायापासून डोक्यापर्यंत तिने नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "एवढी उंच काहून झाली वं तू?"

मी नुसती हसले.

"हसू नको. वरच्या ओळीतल्या भोकात तू बसल्या बसल्या वायर खुपसते. मले दरवेळी उठा लागते. दोन दिवसांपासून पाहून राहिली मी. लय जळून राहिली तुह्यावर."

एवढं बोलून ती माझ्या शेजारीच बसली, माझ्या डब्यातली वांग्याची भाजी बोटाने चाखली आणि तक्रार करावी तशी म्हणाली, "हेबी चांगली आहे."

आमची ओळख झाली ती अशी. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. विमल उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातली. वडील हातमागावर लुगडी विणत. नोकरी लागली म्हणून ती नागपुरात मामाकडे राहायला आली होती, हुडकेश्वरला. तेव्हाचं हुडकेश्वर म्हणजे चार घरं आणि बाकी शेतं. तिथून ती रोज सायकल मारत एक्स्चेंजला यायची, पदर कमरेला खोचून, निऱ्यांना मोठी पिन लावून. मी धरमपेठेतली. माझे वडील शाळेचे हेडमास्तर. आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, आणि दुसऱ्याची वस्तू आवडली तरी तिच्याकडे दोनदा बघू नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

विमल दहादा बघायची. कुणाच्या कानात नवे झुमके दिसले की ती कामावरून उठून यायची, झुमका बोटाने हलवून बघायची आणि उसासा टाकायची. "आता मले रात्री झोप नाही येत." एका मैत्रिणीच्या लग्नात आम्ही सगळ्या गेलो होतो. बाकीच्या मुली 'छान दिसतेस' वगैरे म्हणून पुढे सरकत होत्या. विमल नवरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुहा नवरा पाहिला मी. दात किती चांगले आहेत त्याचे. मी त जळली वं." सकाळपासून मान खाली घालून बसलेली ती नवरी खळखळून हसली. बाकी कुणाचे शब्द तिच्या लक्षात राहिले असतील असं मला वाटत नाही.

आणि ती मुंबईची बाई. ट्रंक कॉल लावायचा म्हणजे पलीकडच्या शहरातल्या ऑपरेटरशी बोलावं लागे. मुंबईच्या बोर्डवर एक बाई होती, तिचा आवाज म्हणजे मध. आम्ही सगळ्याच तो आवाज ऐकायचो आणि आपलं काम करायचो. एक दिवस विमलने तिला मध्येच थांबवलं. "बाई, एक मिनिट. तुमचा आवाज ऐकून मले इतकी जळण होऊन राहिली का काय सांगू. काय खाता तुम्ही?" आम्ही सगळ्या गार. असलं बोलणं वर कळलं तर मेमो मिळायचा. मग ती बाई जी हसली, ती थांबेचना. त्यानंतर विमल बोर्डवर असली की नागपूरचे कॉल मुंबईला झटकन लागायचे. मी लावले की तासभर रांगेत.

विमलचं जळणं लोकांना आवडायचं. माझं कुणाला ठाऊकच नव्हतं. कारण मीही जळत होतेच की! तिच्याभोवती जमणाऱ्या मुलींवर, सुपरवायझरबाई फक्त तिला 'विमे' म्हणत त्यावर, ती काहीही बोलली तरी ते खपून जाई त्यावर. फक्त मी ते पोटात ठेवायचे, आणि ते तिथेच आंबत राहायचं.

सायकल मात्र माझी होती, म्हणजे सायकलचं वेड. ते मला कॉलेजपासूनचं. सायकल क्लबमध्ये जाणाऱ्या दोन-तीनच मुली होत्या, त्यांतली मी एक. क्लबचे बोरकर मास्तर आम्हाला सकाळी काटोल रोडवर पळवायचे. विमलला हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्याआधी क्लबच्या फाटकाशी हजर. कुणाचा तरी सलवार-कमीज घातलेला, बाह्या मनगटाच्या खाली लोंबताहेत.

"तू काय करते सकाळी सकाळी, मले पाहाचं होतं," ती म्हणाली.

पाहायला आलेली ती गेलीच नाही. हुडकेश्वरहून रोज सायकल मारून तिच्या पायांत अशी ताकद आली होती की सपाट रस्त्यावर ती माझ्या बरोबरीने राहायची. आणि उतारावर तिला धरणं अशक्य. सेमिनरी हिल्सच्या रस्त्याला वळण आलं की मी ब्रेकला बोट लावायचे. विमल लावत नसे. बोरकर मास्तर ओरडायचे, "अगं, ब्रेक कशासाठी दिलाय?" ती खाली पोचल्यावर उत्तर द्यायची, "थांबासाठी!"

त्या वर्षी क्लबने टेकडीची शर्यत जाहीर केली. टेकडीच्या माथ्यावरून सुटायचं, वळणावळणाने उतरायचं आणि फुटाळा तलावाच्या काठाकाठाने बंधाऱ्यापाशी संपवायचं. शर्यत दरवर्षी व्हायची, पण मुलींसाठी पहिल्यांदाच होणार होती. आमच्या दोघींच्या सायकली साध्या लेडीज, जड, मागे कॅरिअर असलेल्या. बोरकर मास्तर म्हणाले, "यांच्यावर भाजी आणा. शर्यत लावायची असेल तर रेसची फ्रेम बघा. नवी मिळणार नाही, परवडणारही नाही. जुनी बघा. चाकं, हँडल आपण क्लबातली बसवू. पण फ्रेम चांगली पाहिजे. उतारावर माणसाचा जीव फ्रेमवर असतो."

जुनी फ्रेम कशी निवडायची, ते त्यांनी मला शिकवलं होतं. मी अभ्यासू. सगळं पाठ करून ठेवलेलं. रंगावर जायचं नाही. पुढच्या नळीच्या मागे, जिथे दोन आडव्या नळ्या येऊन मिळतात, तिथे खालून बोट फिरवायचं. बारीकशी सुरकुती लागली तर ती सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे, मग ती फुकट दिली तरी घ्यायची नाही. पुढच्या नळीला दोरा गुंडाळून त्याची दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या जागेपर्यंत ताणायची. सीटच्या नळीपासून दोन्हीकडे दोरा सारख्याच अंतरावर असला तर फ्रेम सरळ आहे. नाहीतर वाकडी. आणि शेवटी माप. फ्रेम चाकांच्या उंचीला धरून दांड्यावरून पाय टाकला की पाय जमिनीला पुरले पाहिजेत.

विमलला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि शिकायची इच्छाही नव्हती. आम्ही दोघी फ्रेम बघत फिरलो. सीताबर्डीतल्या जुन्या सायकलींच्या दुकानात, इतवारीतल्या भंगारात, कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या गोठ्यात. मी दोरा ताणायचे, बोट फिरवायचे, उजेडाकडे धरून बघायचे. विमल फ्रेमकडे बघायचीच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघायची.

"माझ्याकडे काय बघतेस? फ्रेम बघ ना," मी एकदा वैतागले.

"मले फ्रेममधलं काय समजते वं? तू पाहून राहिली ना? जे तुह्या डोळ्यात बसन, ते मले पाह्यजे."

हे ती हसत म्हणाली, पण मला चांगलंच लागलं. म्हणजे अभ्यास माझा, मेहनत माझी, आणि हिने फक्त माझ्या चेहऱ्यावरून उचलायचं. त्या दिवशी मी ठरवलं की चेहरा कोरा ठेवायचा.

मग एका रविवारी बोरकर मास्तरांनी अजनीच्या रेल्वे कॉलनीतला पत्ता दिला. तिथे विल्यम्स साहेब राहत. रेल्वेत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. मुलगा परदेशात स्थायिक झाला होता आणि आता तेही बायकोला घेऊन त्याच्याकडे निघाले होते. घरभर खोकी बांधून ठेवलेली. मुलगा तरुणपणी सायकलच्या शर्यती मारायचा, त्याच्या दोन फ्रेम व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एक काळी, नुकतीच रंगवलेली, चकचकीत. दुसरी किरमिजी, जागोजागी रंगाचे पोपडे निघालेली, नळ्यांवर कोळ्याची जाळी.

मी आधी काळीकडे गेले. खालून बोट फिरवलं. नव्या रंगाच्या आत सुरकुती होती, बोटाला स्पष्ट लागली.

मग किरमिजी उचलली. इतकी हलकी! एका हाताने उचलून खांद्यावर टाकावी. पुढचं चाक धरणारा चिमटा छान लांब, थोडा पुढे झुकलेला. असली सायकल उतारावर थरथरत नाही, मास्तरांनी सांगितलं होतं. बोट फिरवलं, नळी गुळगुळीत. दोरा ताणला, दोन्हीकडे सारखा. दांड्यावरून पाय टाकून उभी राहिले तर जशी काही माझं माप घेऊनच बनवलेली.

मी ती शांतपणे भिंतीला टेकवून ठेवली. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. परत काळीकडे गेले, तिचा दांडा चोळला, साहेबांना तिच्याबद्दल काहीतरी विचारलं. मनात म्हणत होते, उद्या एकटीने येईन.

विल्यम्स साहेब आरामखुर्चीतून हे सगळं बघत होते. म्हणाले, "दोनों में से कौन चलाएगा, बेटी?"

"मैं," विमल म्हणाली. "वो लाल वाली दे दो, साहेब."

मी वळून पाहिलं. ती किरमिजी फ्रेमच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती.

"तुला मोठी होईल ती," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण आतल्या खोलीतून मेमसाहेब डोकावल्या.

"होऊ दे."

"अगं, पण तू बघितलीस तरी का नीट?"

"मी तुले पाहिलं. काळीले तू दोनदा हात लावला, तीनदा लावला. हिले एकदा खाली ठेवल्यावर मंग पाहिलंच नाही. चोराले पेटी दिसली का तो जसा दुसरीकडेच पाह्यते ना, तशी करत होती तू." मग ती साहेबांकडे वळली. "पक्का समझो, साहेब. पैसे कल लाके देती."

माझ्या तोंडून त्या वेळी एक वाक्य निघायला हवं होतं, 'मलाही हवी आहे.' साहेबांनी कदाचित माझं माप बघून मलाच दिली असती. ते वाक्य काही निघालं नाही. आमच्या घरात असं म्हणायची रीत नव्हती. साहेबांनी फ्रेमवरची जाळी स्वतःच्या रुमालाने पुसली, दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि ती विमलच्या हातात दिली. बाहेर रस्त्यावर आल्यावर विमल ती खांद्यावर टाकून चालायला लागली तर मागचं टोक तिच्या पोटरीला लागत होतं.

नंतरचे आठवडे मी कसे काढले, ते माझं मला माहीत. मला दुसरी एक फ्रेम मिळाली, निळी. वाईट नव्हती. सरळ होती, मापाची होती, जराशी जड. पण रोज सकाळी क्लबच्या भिंतीशी ती किरमिजी उभी दिसायची आणि माझं तोंड कडू व्हायचं. ती तिच्या मापाची नाही, हे आंधळ्यालाही दिसत होतं. दांडा पायांत घेऊन उभं राहिलं की विमलचे पाय जमिनीला टेकत नसत. चढायला तिला फाटकाशेजारचा दगड लागायचा. उतरताना ती सायकल एका बाजूला कलती करायची आणि उडी मारायची. सीट पार खाली दाबलेली, हँडलपर्यंत पोचायला ती अशी ताणून झोपायची की मागून बघितलं तर झाडाच्या फांदीवर सरडा बसल्यासारखी दिसे. दोनदा पडली. एकदा कोपर सोललं, एकदा हनुवटी. हनुवटीला पट्टी लावून बोर्डवर बसली होती. सुपरवायझरबाईंनी विचारलं, "काय झालं गं विमे?" तर म्हणाली, "सायकल शिकून राहिली."

शेवटी मी धीर केला. म्हटलं, "विमल, अदलाबदल करू. माझी निळी तुझ्या मापाला जवळची आहे. तुझी मला बसते. दोघींचंही भलं होईल."

तिने आधी निळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हो म्हणते.

"नाही देत," ती म्हणाली. "तुहे पाय लांब. तुहे हात लांब. मुंबईले जाऊन आली तू. इंग्रजी फाडफाड येते तुले. एक फ्रेम त माही राहू दे."

शर्यतीच्या दिवशी सकाळी टेकडीवर चांगली गर्दी होती. मुली सायकली मारणार म्हणून बघायला आलेले बरेच. आम्ही भाग घेणाऱ्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. विमलने सुटायची जागा रस्त्याच्या कडेची निवडली, मैलाच्या दगडाजवळ. त्या दगडावर एक पाय ठेवूनच ती उभी राहू शकत होती. मी मधोमध, दोन्ही पाय जमिनीवर, एकदम ऐटीत.

शिट्टी वाजली. पहिल्या वळणापर्यंत मी पुढे होते. दुसऱ्या वळणाला मी ब्रेकला बोट लावलं आणि उजव्या बाजूने काहीतरी किरमिजी सरसरत गेलं. मग मला फक्त तिची पाठ दिसत राहिली. ती फ्रेम जराही थरथरत नव्हती. मी दात-ओठ खात पायडल मारत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ती विमलची पाठ नसून माझी पाठ असायला हवी होती.

तलावाशी रस्ता सपाट होतो तिथे मी तिला गाठत आणलं. तिथेच झाडाखाली माझे बाबा उभे होते. हातात छत्री, खांद्याला चहाचा थर्मास. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ते आले होते. आणि ज्या माणसाने वर्गातही कधी आवाज चढवला नाही, तो माणूस छत्री हलवत ओरडत होता, "वाक! वाक! आणखी वाक!"

मी वाकले. पण माझ्या पुढे विमलही वाकली. एवढ्या मोठ्या फ्रेमवर आणखी कुठे वाकायचं, पण ती वाकली, हनुवटी हँडलला लागेस्तोवर. आणि ती गेली. बंधाऱ्यापाशी ती पहिली पोचली. मी दुसरी.

लोकांनी तिला गराडा घातला. वर्तमानपत्राच्या माणसाने तिचा फोटो काढला. मी बाजूला पायरीवर बसले होते. बाबा आले. थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला, खिशातून रुमाल काढून माझ्या गुडघ्यावरची चेन-ग्रीस पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "ती मुलगी चांगली चालवते हं." मी मान खाली घालून चहा संपवला.

मान वर केली तर समोर विमल. गर्दीतून निघून आली होती. गळ्यात झेंडूची माळ, चेहरा घामाने निथळणारा. मला वाटलं, आता हिचं काहीतरी सुरू होईल, आणि आज मला ते ऐकवणार नाही.

"हे तुहे बाबा?" तिने विचारलं.

"हो."

"काका, तुम्ही ओरडले ना वाक म्हणून? मी समजली मलेच सांगून राहिले कोणी. म्हणून वाकली मी."

बाबा हसले. "बरं झालं वाकलीस."

"माह्या बाबाले त माहीतबी नाही मी शर्यतीत आहे म्हणून. सांगितलंच नाही."

त्यानंतर ती बाबांच्या हातातल्या रुमालाकडे बघत राहिली. माझ्या गुडघ्यावर तो रुमाल फिरत होता आणि ती बघत होती. जळते म्हणून सांगायची तिची सवय, तिने या वेळी काहीच सांगितलं नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. तो चेहरा मी लगेच ओळखला. रोज आरशात बघत होते तोच. एवढ्या दिवसांत तिच्याकडचं काही ना काही मला हवं असायचं, पण माझ्याकडचं काही तिला इतकं हवं असेल, की ते बोलूनही दाखवता येऊ नये, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बाबांनी थर्मासमधला उरलेला चहा तिला दिला. ती उभ्यानेच प्यायली आणि झाकण माझ्या हातात परत देऊन गर्दीत निघून गेली.

फोटो छापून आला. उमरेडपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला नाही. चारच दिवसांत एक्स्चेंजच्या फाटकाशी एक वाळकासा माणूस येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, धोतर, हातात पिशवी. शिपाई आत येऊन म्हणाला, "विमलबाई, तुमचे बाबूजी आले." नोकरी सोडवून घेऊन जातात की काय, हेच प्रत्येकीच्या मनात. मला हाताला धरून विमलने बाहेर ओढत नेलं.

तिचे वडील एवढंच म्हणाले, "कोणती सायकल?"

सायकल शेडमध्ये होती. ते तिच्याभोवती फिरले. दांड्यापर्यंतची उंची हाताने मोजली, मग तोच हात मुलीच्या कमरेशी नेला.

"हे त तुले मोठी होते."

"हाव."

"पडली होती?"

"दोनदा."

"सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हटलं असतं," ते म्हणाले. मग सायकल उचलून बघितली आणि चमकले. "हलकी आहे वं!" परत खाली ठेवली, परत उचलली. "आणि पहिली आली म्हणते तू?"

"हाव, बाबा."

"हे पोरगी कोण?"

"शालू. हे दुसरी आली."

त्यांनी मान वर करून मला नीट पाहिलं. "एवढी उंच असून?"

विमल फस्सकन हसली. मीही हसले, तोंडदेखलं. त्यांनी पिशवीतून पोह्याच्या चिवड्याचा डबा काढून तिच्या हातात दिला, टोपी सारखी केली आणि जायला निघाले. फाटकापर्यंत जाऊन थांबले. "पुढच्या टायमाले सांगशील. हातमाग एक दिवस बंद ठेवता येते."

तो एक दिवस आलाच नाही. पुढच्या वर्षी क्लबातल्या लोकांची आपापसात भांडणं लागली, बोरकर मास्तर बाहेर पडले आणि टेकडीची शर्यत बंद झाली ती झालीच. विमलने दोन-तीनदा विचारलं, "औंदा नाही काय होत?" मग विचारायचं सोडून दिलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिचं लग्न ठरलं. मुलगा सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत क्लार्क होता. नोकरी सोडायची ठरली.

मी सरळ विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच असं सरळ. "फ्रेम मला देशील का?"

"तुले नाही देत."

"काय करणार आहेस तिचं सावनेरला? लोणचं घालणार?"

"कोणालेबी देईन, पण तुले नाही. तू तिच्यावर बसशील, आणि माह्यापेक्षा जोरात जाशील. मी तिकडे पोळ्या लाटता लाटता तोच इचार करत बसू काय?"

तिने ती अजनीच्या एका पोस्टमनला दिली. चांगला उंचपुरा माणूस होता. पुढे कितीतरी वर्षं तो मला स्टेशनजवळ दिसायचा, शर्यतीच्या फ्रेमला मागे कॅरिअर, पुढे टपालाची थैली, आणि मडगार्डवर लाल अक्षरांत त्याच्या मुलीचं नाव. मी दरवेळी रस्ता बदलायचे.

विमल लग्नानंतर एकदाच एक्स्चेंजमध्ये आली. माहेरी आली होती, पेढे द्यायला थांबली. मला सुपरवायझर केल्याचं कळल्यावर तिने माझ्या टेबलावरच्या घंटीवर दोनदा टपकन मारून बघितलं आणि सासू कशी आहे ते सांगत बसली. तेव्हापासून भेट नाही.

शेवटचं पाहिलं ते ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात. सावनेरच्या एक्स्चेंजच्या कामासाठी मी एसटीने चालले होते. गावाच्या तोंडाशी जिनिंगच्या कारखान्यापाशी कापसाच्या बैलगाड्यांची मोठी रांग लागली होती. गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अडकलेल्या, बैल बिथरलेले, गाडीवान एकमेकांना शिव्या देताहेत. आमची बस मध्येच रुतून बसली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. हवेत कापसाचे तंतू उडत होते, ते खिडकीतून येऊन माझ्या साडीला चिकटत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरक गा! बैल सरकव पहिले! मले उशीर होऊन राहिला!"

विमल होती. जरा भरली होती अंगाने. साध्या लेडीज सायकलवर, कॅरिअरला पालकाच्या जुड्या आणि एक भोपळा बांधलेला. केसांत कापूस. मी खिडकी वर सरकवायला गेले, ती अर्ध्यात अडकली. मी हाक मारली. "विमल! ए विमल!" त्या गलक्यात तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. ती बसच्या अगदी जवळून गेली, हात बाहेर काढला असता तर तिच्या खांद्याला लागला असता.

पुढे दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम हँडल मावेल एवढी फट होती. एका गाडीवानाने हात आडवा केला. "बाई, नाही जाणार!" तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पायडलवरचे पाय उचलले, गुडघे आत घेतले, मान खाली घातली आणि दोन्हीकडच्या कापसाला घासत ती पलीकडे निघून गेली. पलीकडचा रस्ता मोकळा होता. ती उभी राहून पायडल मारायला लागली.

आमच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.